अनलाइकली लावलं की ड्रायव्हर पळतो का?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत लिनक्स कर्नलवाल्यांची (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चांगलीच गर्दी झालीये, त्यामुळे बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात. सुरुवात पुण्यातल्या एका पत्राने करते, कारण उरलेल्यांची निम्मी उत्तरं त्याच्याच उत्तरात निघतात.

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या कंपनीत स्टोरेज ड्रायव्हरचं काम चालतं, एनव्हीएमईच्याच (फ्लॅश ड्राइव्ह जोडायच्या वेगवान पद्धतीच्या) धर्तीवरचा ड्रायव्हर आहे. टीममधल्या एका मुलाने आयओ पाथमधल्या (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या कोडमधल्या) जवळजवळ सगळ्या इफना लाइकली नाहीतर अनलाइकली अशी हिंट लावून पॅच (कोडमधला बदल) पाठवला आणि म्हणतोय की एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या टूलमधे 2 टक्के वाढ दिसली. मॅनेजर म्हणतात फुकटात 2 टक्के मिळतायत तर घ्या की, आमचे सीनिअर म्हणतात हा सगळा टाइमपास आहे. खरं काय ते कसं ठरवायचं?

उत्तर : सीनिअर थोडे जास्त बरोबर आहेत, पण नुसतं "टाइमपास" म्हणून पॅच उडवणं पण बरोबर नाही, सोक्षमोक्ष लावायचा तर मोजावंच लागेल. आणि मोजायचं म्हणजे एफआयओ दोनदा चालवून वरचा आकडा बघायचा असं नाही.

आधी हे दोन शब्द करतात काय ते बघू, माहीत असेल तर हा परिच्छेद सोडा. कर्नलमधे लाइकली आणि अनलाइकली हे मॅक्रो आहेत, आत जीसीसी या कंपायलरचं बिल्टिन एक्स्पेक्ट बसलेलं असतं, म्हणजे कंपायलरला सांगायचं की बाबा ही अट बहुतेक वेळा खरी निघते किंवा खोटी निघते. जीसीसी ते ऐकून डीफॉल्टने 90 टक्के शक्यता धरतं आणि त्याप्रमाणे कोडची मांडणी करतं, नेहमीचा रस्ता सरळ ओळीत ठेवतं आणि क्वचितचा रस्ता उचलून फंक्शनच्या शेवटी नेऊन टाकतं. प्रोसेसरला मात्र यातलं काहीच कळवलं जात नाही. पेंटियम 4 च्या काळात इन्स्ट्रक्शनच्या पुढे प्रीफिक्स लावून थेट प्रोसेसरला हिंट द्यायची सोय होती, पण कर्नलचे हे मॅक्रो तो प्रीफिक्स वगैरे काही टाकत नाहीत.

आता हिशोब करा. ब्रँचचा, म्हणजे इफच्या फाट्यावर कुठे वळायचं याचा, प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की आजच्या एक्स86 प्रोसेसरवर साधारण 15 ते 20 सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) वाया जातात, 3 गिगाहर्ट्झवर 20 सायकल म्हणजे सात नॅनोसेकंदसुद्धा नाही. फ्लॅशवरचं एक 4केचं रँडम रीड शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास घेतं, म्हणजे 3 लाख सायकल. तुमचा एकच थ्रेड क्यू डेप्थ 1 ने (एका वेळी एकच रिक्वेस्ट) रीड करत असेल तर त्या 3 लाखांतले 20 वाचले काय आणि नाही वाचले काय, तिथे 2 टक्के वाढ दिसली असेल तर ती हिंटची असूच शकत नाही, दुसरंच काहीतरी हललंय.

पण एक कोअर पूर्ण भरलाय, त्याच्यावर चार-पाच ड्राइव्ह टांगलेत आणि तो कोअर सेकंदाला 10 लाख आयओ करतोय असं असेल तर चित्र बदलतं. तेव्हा प्रत्येक आयओच्या वाट्याला 3,000 सायकल येतात आणि 20 म्हणजे पाऊण टक्क्याच्या आतबाहेर. 2021 साली लिनक्सचा ब्लॉक लेयर (डिस्कच्या रिक्वेस्ट हाताळणारा कर्नलचा थर) सांभाळणारे जेन्स अॅक्सबो यांनी आयओ-यूरिंग (लिनक्समधली वेगवान आयओ करायची सोय) आणि इंटेलचे ऑप्टेन ड्राइव्ह वापरून पोलिंगवर (काम झालं का ते सतत विचारत राहून) एका कोअरवर सेकंदाला 80 लाखांच्या पुढे आयओ काढून दाखवले होते, तिथे 5 गिगाहर्ट्झ धरला तरी एका आयओला 625 सायकल मिळतात, म्हणजे 20 सायकल सरळ 3 टक्क्यांवर जातात. अशा ठिकाणी माणसं एकेका इफसाठी भांडतात आणि ते योग्यच आहे. तेव्हा पहिला प्रश्न त्या मुलाला हा विचारा की टेस्ट चालू असताना कोअर भरलेला होता की ड्राइव्ह भरलेला होता? ड्राइव्ह भरलेला असेल तर तुम्ही सीपीयूचं काम निम्मं केलंत तरी आयओपीएस (सेकंदाला होणारे आयओ) तेवढेच येणार. म्हणून आयओपीएस सोडा, दर आयओमागे कर्नलच्या किती सायकल गेल्या ते काढा, पर्फ स्टॅट या टूलने सायकल, इन्स्ट्रक्शन, ब्रँच, ब्रँच-मिस (चुकलेले अंदाज) आणि इन्स्ट्रक्शन कॅशचे (प्रोसेसरजवळच्या कोडच्या छोट्या साठ्याचे) मिस नुसते कर्नलपुरते घ्या आणि एफआयओने सांगितलेल्या एकूण आयओंनी भागा. हा आकडा ड्राइव्हच्या लहरीवर फारसा नाचत नाही.

आणि ड्राइव्हच्या लहरी किती! नवीन किंवा ट्रिम केलेल्या (जुना डेटा टाकून दिलेल्या) एसएसडीवर रीड टेस्ट घेतली तर ज्या ब्लॉकवर कधी लिहिलंच नाही ते कंट्रोलर फ्लॅशला हात न लावता शून्य म्हणून परत देतो, आकडे भन्नाट येतात आणि सगळे खोटे. आधी पूर्ण ड्राइव्ह एकदा भरून घ्या. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, टर्बो बंद करा, एफआयओला ठरावीक कोअरवर बांधा, ड्राइव्हची इंटरप्ट (काम झाल्याचे इशारे) कुठल्या कोअरवर पडतायत ते बघून ठेवा. जुना कर्नल दहा वेळा आणि मग नवा दहा वेळा असं करू नका, जुना-नवा-जुना-नवा असं आलटून पालटून चालवा, नाहीतर ड्राइव्ह तापत गेला की त्याचं खापर नव्या कर्नलवर फुटतं.

आता त्या 2 टक्क्यांबद्दल माझा खरा संशय सांगते. हिंट लावली की कोड हलतो, आणि हललेल्या फंक्शनच्या मागचा सगळा कोड काही बाइट इकडेतिकडे सरकतो. या सरकण्यानेच स्पीड बदलतो, हिंट बरोबर असो वा चूक. स्कायलेक घराण्यातल्या इंटेल प्रोसेसरमधे जंपचा एक दोष निघाला होता, नोव्हेंबर 2019 मधे त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) आला, त्यानंतर 32 बाइटच्या सीमेवर पडणारा किंवा सीमेला टेकणारा जंप डीकोड केलेल्या इन्स्ट्रक्शनच्या कॅशमधे ठेवला जात नाही. म्हणजे तुमचा एक गरम लूप दोन बाइट पुढे गेला म्हणून हळू झाला आणि तुम्ही समजताय अनलाइकलीने झाला. 2009 मधे मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी एका पेपरात दाखवलं होतं की नुसता लिंक करायचा क्रम किंवा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आकार बदलला तरी ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं याचा निकाल उलटू शकतो.

म्हणून असं करा, कर्नलमधे डीबग फोर्स फंक्शन अलाइन 64बी नावाचं कॉन्फिग आहे, ते दोन्ही बिल्डमधे चालू करा म्हणजे एका फंक्शनमधला बदल दुसऱ्या फंक्शनला हलवणार नाही. फंक्शनच्या आतलं सरकणं त्याने थांबत नाही, त्यासाठी हिंट नसलेल्या जुन्या कोडमधे आयओ पाथवर कुठेतरी एक-दोन नॉप (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) टाकून तिसरा बिल्ड करा. त्या नुसत्या नॉपवाल्या बिल्डने पण 2 टक्के इकडे तिकडे झाले तर समजा की तुमच्या मोजपट्टीची फटच 2 टक्क्यांची आहे.

आणि चौथा बिल्ड, जो कोणी करत नाही आणि मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे उलटा. त्या ड्रायव्हरच्या फाइलपुरतं लाइकलीच्या जागी अनलाइकली आणि अनलाइकलीच्या जागी लाइकली करून टाका, मुद्दाम सगळं चुकीचं. ही वाईटातली वाईट अवस्था. उलटं करूनही दर आयओमागच्या सायकल हलल्या नाहीत तर सुलटं करून त्या कशा हलतील? एका संध्याकाळचं काम आहे आणि रिव्ह्यूतली निम्मी वादावादी तिथेच थांबते. उलट्याने जर 5 टक्के फटका बसला तर मात्र त्या पाथला मांडणीचं महत्त्व आहे हे कळलं, मग एकेक हिंट वेगळी करून बघण्यात अर्थ आहे.

प्रश्न : मॅडम, हिंट बरोबर आहे की चूक हे कळायचा काही मार्ग आहे का, का नुसतं कोड वाचून अंदाजच बांधायचा? (हेही पत्र पुण्याचंच, बहुतेक त्याच टीममधलं, पण असो.)

उत्तर : आहे ना, आणि तो वेळ मोजण्याच्या आधी करायचा. कर्नल डेव्हलपर स्टीव्हन रोस्टेड यांनी 2008 मधे यासाठीच कर्नलमधे प्रोफायलर (मोजदाद ठेवणारं टूल) घातला. कर्नल हॅकिंग, त्यात ट्रेसर्स, त्यात ब्रँच प्रोफायलिंग, तिथे लाइकली-अनलाइकलीचा पर्याय निवडा, कर्नल बूट करा, तुमचं काम चालवा आणि ट्रेसिंगच्या फोल्डरमधे ट्रेस स्टॅटखाली ब्रँच अॅनोटेटेड नावाची फाइल वाचा. प्रत्येक हिंटसमोर किती वेळा बरोबर ठरली, किती वेळा चुकली, चुकीचे टक्के, फंक्शन, फाइल आणि ओळ क्रमांक, सगळं तिथे मिळतं. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवू नका, कर्नलमधेच बिल्ट-इन करा, कारण ती यादी मुख्य कर्नल इमेजमधल्या जागांची बनते. आणि हा कर्नल हळू असतो, प्रत्येक हिंटपाशी मोजदाद चाललेली असते, त्यामुळे याच्यावर वेळ मोजायचा नाही, फक्त बरोबर-चूक बघायचं.

एनव्हीएमईच्या ड्रायव्हरमधे बघा, रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला क्यू चालू आहे का ते तपासून नसेल तर आयओ एरर परत देतात, त्या तपासणीला अनलाइकली आहे. पूर्ण झालेल्या कमांडचा आयडी ओळखीचा नसेल तर वॉर्निंग छापतात, तिथेही अनलाइकली. या दोन्ही अगदी निर्धास्त हिंट, कारण ती अट खरी झाली म्हणजे ड्राइव्ह रीसेट होतोय किंवा काहीतरी बिघडलंय, तेव्हा स्पीडची चिंता कोणाला. अशा जागी हिंट लावायला माझी काहीच हरकत नाही, मोजून फरक दिसला नाही तरी.

गडबड कुठे होते तर वर्कलोडवर अवलंबून असणाऱ्या अटींवर. टॅग (रिक्वेस्टना द्यायचे क्रमांक) संपले, क्यू भरली, ही अट घ्या. डेव्हलपर आपल्या मशीनवर क्यू डेप्थ 1 ने चालवतो, क्यू कधीच भरत नाही, तो अनलाइकली लावून मोकळा, उचलली जीभ लावली टाळ्याला. मग कस्टमरच्या डेटाबेस सर्व्हरवर 256 रिक्वेस्ट एकदम येतात आणि तीच अट दर दुसऱ्या वेळी खरी. किंवा हे बघा, ब्लॉक लेयर ड्रायव्हरला सांगतो की या बॅचमधली ही शेवटची रिक्वेस्ट आहे, मग ड्रायव्हर डोअरबेल रजिस्टरला लिहितो, म्हणजे काम आलंय अशी ड्राइव्हची बेल वाजवतो. डेप्थ 1 ला प्रत्येक रिक्वेस्ट शेवटचीच, बॅच 32 ची केली तर 32 मधली एक. याला लाइकली लावायचं की अनलाइकली? काहीच लावायचं नाही. रीड की राइट याला तर चुकूनही नाही, तुमच्या बेंचमार्कमधे नुसते रीड आहेत म्हणून जगात नुसते रीड होत नाहीत. म्हणून प्रोफायलर एकाच वर्कलोडवर चालवून यादी आणू नका, डेप्थ 1, मोठी डेप्थ, रीड, राइट, मिश्र, सगळ्यांवर चालवा आणि जी हिंट सगळीकडे बरोबर ठरते तेवढीच ठेवा.

आणखी एक, कर्नलच्या इझ-एररच्या (पॉइंटरमधे एरर आहे का ते बघणाऱ्या) आत अनलाइकली आधीपासूनच आहे आणि वॉर्न-ऑनच्या (काही चुकलं तर वॉर्निंग छापणाऱ्या) आतही आहे, त्यांच्यावर बाहेरून परत अनलाइकली लावणं म्हणजे छत्रीवर छत्री. त्या पॅचमधे असे किती आहेत ते मोजा, मला वाटतं बरेच निघतील.

प्रश्न : ताई, ब्रँच प्रेडिक्टर इतका हुशार झालाय मग हिंट हवीच कशाला? मी करून बघितलं, ब्रँच-मिसचा आकडा हिंटच्या आधी जेवढा होता तेवढाच राहिला पण सायकल थोड्या कमी झाल्या. हे कसं काय?

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि तसंच व्हायला हवं. जी अट कायम खोटी निघते तिचा अंदाज प्रेडिक्टर दोन-चार फेऱ्यांत शिकतो, तिथे हिंटने मिस कमी होण्यासारखं काही उरतच नाही. फायदा येतो तो इन्स्ट्रक्शन कॅशमधून. स्वयंपाकघरात रोजचे डबे ओट्यावर आणि दिवाळीची सोऱ्याची भांडी माळ्यावर ठेवतो तसं, एररचा सगळा कोड माळ्यावर गेला की 64 बाइटच्या एकेका कॅश लाइनमधे कामाच्याच इन्स्ट्रक्शन राहतात. बहुतेक प्रोसेसरांत पहिली इन्स्ट्रक्शन कॅश 32 किंवा 64 केबीच असते आणि एक आयओ म्हणजे सिस्टिम कॉल, फाइलसिस्टिम, ब्लॉक लेयर, ड्रायव्हर, इंटरप्ट एवढा लांबचा रस्ता, मधे अॅप्लिकेशनचा स्वतःचा कोड. शिवाय उडी न मारता सरळ जाणं हे उडी मारण्यापेक्षा फेचला (इन्स्ट्रक्शन आणायला) सोपं पडतं.

यातून एक पंचाईत पण निघते. एफआयओ हे फार छोटं अॅप्लिकेशन आहे, त्याचा स्वतःचा कोड कॅशमधे फार जागा खातच नाही, त्यामुळे मांडणीचा खरा फायदा एफआयओमधे कमी दिसू शकतो आणि मोठ्या डेटाबेसखाली जास्त. तुमच्याकडे तसा लोड असेल तर त्यावरही दर आयओमागच्या सायकल काढा. आणि डिसअसेंब्ली (ऑब्जडम्प टूल दाखवतं तो तयार झालेला मशीन कोड) उघडा हो! कित्येकदा हिंट लावूनही ऑब्जडम्प तंतोतंत तोच येतो, कारण एरर रिटर्न करणारी फांदी कंपायलर स्वतःहूनच क्वचितची धरतो. दोन ऑब्जेक्ट फाइल सारख्याच असतील तर पुढचा बेंचमार्क म्हणजे नुसतं विजेचं बिल. उलट कधी हिंटमुळे कंडिशनल मूव्हच्या (उडी न मारता अट हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) जागी खरोखरचा जंप येतो, तेव्हा ब्रँचची संख्याच वाढते, तेही डिसअसेंब्लीतच कळतं.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचाय पण माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, त्यात साधी हार्डडिस्क. व्हर्च्युअल मशीनवर जमेल का?

उत्तर : हार्डडिस्कवर नको रे बाबा. 7200 आरपीएमची डिस्क अर्धा फेरा मारायलाच 4 मिलिसेकंदांच्या वर घेते, म्हणजे 3 गिगाहर्ट्झवर सव्वा कोटी सायकल, त्यात वीस सायकल शोधणार कुठे.

कर्नलमधे नल-बीएलके नावाचा ड्रायव्हर आहे, तो घे. तो खोटं ब्लॉक डिव्हाइस तयार करतो, डेटा कुठेच जात नाही, आलेली रिक्वेस्ट झाली म्हणून लगेच परत. मॉड्यूल लोड करताना क्यू मोड 2 दिला की मल्टिक्यू आणि आयआरक्यू मोड 0 दिला की तिथल्या तिथे पूर्ण. डिस्कचा वेळ शून्य झाला की उरतो फक्त सॉफ्टवेअरचा, आणि तुला तोच मोजायचाय. पण लक्षात ठेव, याने ब्लॉक लेयरची आणि नल-बीएलकेची परीक्षा होते, एनव्हीएमई ड्रायव्हरची नाही, रिपोर्टच्या शीर्षकात एनव्हीएमई लिहू नकोस, एक्सटर्नल नेमकं तेच पकडतील.

व्हर्च्युअल मशीनचा उपयोग दुसऱ्या गोष्टीसाठी कर. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे खोटा एनव्हीएमई ड्राइव्ह मिळतो आणि त्याच्यावर खराखुरा एनव्हीएमई ड्रायव्हर चालतो. तिथे डोअरबेल लिहिली की साधारणपणे मशीनमधून बाहेर पडून होस्टकडे जावं लागतं, त्यामुळे वेळेचे आकडे कचरा, पण वर सांगितलेला बरोबर-चूक मोजणारा प्रोफायलर तिथे मजेत चालतो, कारण अट खरी निघाली की खोटी याचा घड्याळाशी संबंध नाही. मोजणी क्यूईएमयूमधे, वेळ लॅपटॉपवर थेट नल-बीएलकेने, असे दोन भाग कर, प्रोजेक्टला पुरून उरेल. उलट्या हिंटचा बिल्ड विसरू नकोस. फरक दिसला नाही तर "फरक दिसला नाही" असंच लिही, आणि तुझ्या मोजणीत किमान किती टक्के फरक पकडता आला असता ते लिही, त्याला मार्क द्यायला हवेत.

प्रश्न : हातानी हिंट लावण्यापेक्षा प्रोफाइल देऊन कंपायलरलाच ठरवू द्यावं असं वाचलं. कर्नलला चालतं का?

उत्तर : चालतं. लिनक्स 6.13 पासून, म्हणजे जानेवारी 2025 पासून, क्लँग या कंपायलरने बिल्ड करताना ऑटोएफडीओची (प्रोफाइलवरून मांडणी ठरवायची) सोय मुख्य कर्नलमधेच आहे. प्रॉडक्शनसारख्या लोडवर पर्फने ब्रँचचे नमुने गोळा करायचे आणि ते पुढच्या बिल्डला द्यायचे, मग मांडणी त्या आकड्यांवरून होते. जीसीसीच्या मॅन्युअलमधे तर बिल्टिन एक्स्पेक्टच्या माहितीतच लिहिलंय की शक्यतो खरं प्रोफाइल वापरा, प्रोग्रामर लोकांचे अंदाज बेभरवशाचे असतात. क्लँगकडे मिसएक्स्पेक्ट नावाची वॉर्निंग पण आहे, प्रोफाइल एक सांगतंय आणि तुमची हिंट भलतंच सांगतेय असं असेल तर बोंब मारते. पण जी फांदी प्रोफाइलच्या वेळी चाललीच नाही ती थंड धरली जाते, तेव्हा नुसत्या रीडवर प्रोफाइल घेऊन राइटवाल्या कस्टमरला कर्नल दिलात तर वरचंच दुखणं नव्या नावाने.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला एसपीडीकेवर (अ‍ॅप्लिकेशनमधूनच थेट ड्राइव्ह चालवणाऱ्या टूलकिटवर) काम करतो, कर्नल मधे येतच नाही. आम्हाला हे लागू होतं का? आणि सी++20 मधले लाइकली-अनलाइकली तेच का?

उत्तर : तुम्हालाच जास्त लागू होतं. एसपीडीकेमधे सिस्टिम कॉल नाही, इंटरप्ट नाही, एका आयओच्या सायकल मुळातच कमी, म्हणून त्यांनी स्वतःचे लाइकली-अनलाइकली मॅक्रो ठेवलेत, आत तेच बिल्टिन एक्स्पेक्ट. शिवाय रीबूट न करता चारही बिल्ड आलटून पालटून चालवता येतात, ही तुमची चैन. फक्त पोलिंगमधे एक बघा, "काही पूर्ण झालंय का" ही अट रिकाम्या ड्राइव्हवर जवळजवळ कायम खोटी आणि भरलेल्यावर बहुतेक वेळा खरी, तिथे अनलाइकली लावलं असेल तर काढा. सी++20 चं काम तेच आहे पण ते अटीला नाही, फांदीच्या वाक्याला लावतात, म्हणजे इफच्या कंसानंतर. जुन्या मॅक्रोवरून शोधा-आणि-बदला करून आणलंत तर कंपाइल होणार नाही, हाताने बदलावं लागेल.